बारा गेले, सहा राहिले

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

पाली, ता. वेल्हे
६ फेब्रुवारी २०२५

सोनियाला सखूबाईचा रामराम.

आशीर्वाद लिवत न्हाई. लिवला तर तुला वाटंल सासू नरमली. तुजा फोन लागत न्हाई. शेजारची कोमल म्हणली, आजी, त्यांनी तुमचा नंबर बंद केलाय, तुमी कितीबी लावा, तिकडं वाजायचाच न्हाई. बरं केलंस. पन पोस्टमन काय तुज्या हुकमातला न्हाई, त्यो पत्र देनारच. सातवी शिकलीया मी. अक्षर वाकडं असंल, डोस्कं सरळ हाय.

दोन कामं हायेत. पैलं, मानसिंगनं दिवाळीत संमतीच्या घटस्फोटाचे कागद धाडलेत, त्येच्यावर सही करून दे. नऊ महिने झाले माहेरी बसलीस. ना नांदायला येतीस, ना माज्या लेकाला मोकळं करतीस. वाईकडची मानसं पुढल्या महिन्यात घर बगायला येनार हायेत. पोरीचं नाव राजनंदिनी. तिच्या बापाला म्या सांगितलंय, समदं मिटलंय म्हून. मला खोट्यात पाडू नगंस.

दुसरं, तुजं ते काचंचं तळं घिऊन जा. पडवीची निम्मी भिंत त्येनं अडवलीया. पावनं बसायचं कुठं? आन् मला येक सांग, अठरा मासं व्हतं, त्यातलं बारा नेलंस आन् सहा मागं ठिवलंस, ते कशापायी? न्यायचं व्हतं तर समदं न्यायचं. सासूला कामाला लावून गेलीस व्हय? सकाळी चूल पेटवायच्या आदी मला त्यास्नी चिमूटभर खानं घालावं लागतं. डबी सरली तवा कोमलला नसरापुरास्नं दुसरी आनाय लावली. पौषात लाइट गेली का तुजी ती पानी तापवायची कांडी गार पडायची, मग म्या माज्या अंगावरली गोधडी काचंवर टाकायची. आन् ते सहा बी तुज्यावानीच भेदरट. मानूस पडवीत आला का पार मागल्या कोपऱ्यात जाऊन बसत्यात.

गावात काय म्हनत्यात ठावं हाय का? सखूबाईची सून सोनं सोडून मासं घिऊन पळाली. हसत्यात समदी. मी खाली मान घालून पान्याला जाते.

कागद धाड. तळं ने. लोभाचं लिवायची रीत हाय म्हून लिवते, व्हता तेवढा सरला.

सखूबाई

*

कामथडी, ता. भोर
१२ फेब्रुवारी २०२५

श्रीमती सखूबाई यांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र फाडून टाकणार होते. आई म्हणाली, आधी वाच, मग फाड. वाचलं. आता फाडता येत नाही, कारण त्यातल्या दोन ओळी मी वीसदा वाचल्या आणि तरी मला त्या समजत नाहीत.

मी पळाले नाही. मी आईच्या ऑपरेशनला पंधरा दिवसांसाठी आले होते आणि जाताना तुम्हाला सांगून आले होते. तुम्ही 'हूं' म्हणाला होतात. पाचव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मानसिंगचा फोन आला. तो रडत होता. म्हणाला की आईनं टाकीत फिनेल ओतलं, अठराच्या अठरा मेले. म्हणाला की तुम्ही म्हणालात, म्हशीला प्यायला पाणी ओढून आणायचं आणि ह्या किड्यांना आंघोळी घालायच्या. हे ऐकल्यावर मी त्या घरात पाऊल कशी टाकणार होते? ज्या बाईनं जिवंत मुक्या जिवांवर फिनेल ओतलं, तिच्या हातचा चहा मी कसा पिणार होते?

नसरापूरच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी ते मासे पुण्याहून आणले होते. दुकानदार निऑन दाखवत होता, गप्पी दाखवत होता, नारिंगी बार्ब दाखवत होता. मी लाल नाकाचेच मागितले. बाकीचे मासे टाकीत नुसते इकडे तिकडे फिरतात. हे एका घोळक्यानं चालतात. एक वळला की अठरा वळतात, आणि वळताना एकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही. स्वारगेटपासून पालीपर्यंत ती पिशवी मी मांडीवर धरून आणली. तुम्ही दारात विचारलंत, की हे खायचं का. आठवतं?

म्हणून विचारते, तुम्ही कुठल्या सहा माशांबद्दल लिहिताय? माझ्याकडे एकही मासा नाही. बारा नाहीत आणि एकसुद्धा नाही. ही तुमची आणि त्याची मिळून काही नवी चाल असेल तर सरळ सांगा. खरंच सहा असतील, तर त्यातल्या एकाच्या शेपटीचा वरचा कोपरा तुटलेला आहे का ते बघा. तो माझ्या अठरामधला होता.

उत्तर येईपर्यंत सही नाही. लोभ मागत नाही, उत्तर मागते.

सोनिया

*

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

पाली
१७ फेब्रुवारी २०२५

सोनियाला,

रामराम बी लिवत न्हाई.

फिनेल! म्या! अगं, माज्या घरात फिनेलची बाटली कदी बगितलीस तू? तीन वर्सं नांदलीस हितं. जमीन शेनानं सारवते, संडासात राख टाकते. गोठ्यात वासरू मेलं तवा तीन दिस जेवले न्हाई, ते तुज्या डोळ्यांनी बगितलंस. आन् त्याच बाईनं फिनेल ओतलं असं तू नऊ महिने मनात धरलंस? येकदा तरी विचारायचं व्हतंस. फोन करून शिव्या द्यायच्या व्हत्यास. शिव्या दिल्या असत्यास तर मला कळलं तरी असतं.

आता आईक. तू रईवारी गेलीस. बुदवारी म्या भोरला गेले, भामाबाईच्या डोळ्याचं आपरेशन व्हतं. माजी सख्खी भन, तिच्यापाशी दोन रात्री राहिले. शुक्रवारी दुपारच्या एसटीनं आले. पडवीत पाय ठिवला तर टाकीत सहाच मासं. नाकं पांढरीफेक, लालीचा ठिपका न्हाई. म्या मानसिंगला विचारलं, बाकीचं कुठं गेलं. त्यो म्हनला, तुज्या माहेरचं मानूस आलं व्हतं, बारा पिशवीत घालून नेलं, आन् निरोप दिला का सोनिया आता ह्या थेरडीसंगं येका छपराखाली ऱ्हानार न्हाई. थेरडी. तू मला थेरडी म्हनलीस असं त्येनं सांगितलं. म्या म्हनलं, जाऊ दे मग.

आता मला दुसरी येक गोष्ट उमगली, आन् ती कळल्यापासनं चूल पेटवली न्हाई. दसऱ्यापासनं भामाबाई मला बदललेली वाटती. तिचा नातू माज्या मांडीवर वाढला. आता मी वाटी हातात घितली का तिची सून ती काढून घेती, म्हनती, राहू द्या मावशी, मी भरवते. मला वाटायचं, शिकलेली पोर हाय, स्वच्छता बगत असंल. भामाबाई तुज्या लॅबमदी रगत तपासाय येत व्हती. तू तिला सांगितलंस ना? फिनेलचं? खरं सांग. माजी सख्खी भन मला नातवाला घास भरवू देत न्हाई, ते तुज्यापायी.

शेपूट तुटका हाय. हाय त्यो. म्या त्येला लांड्या म्हनते.

सखूबाई

*

कामथडी
२२ फेब्रुवारी २०२५

श्रीमती सखूबाई यांना सा. न. वि. वि.

हो, भामाबाईंना मी सांगितलं. रक्त काढताना त्यांनी विचारलं, की माझ्या बहिणीचं घर का सोडलंस. मी सांगितलं. माझ्या दृष्टीनं ते खरं होतं. वार तेवढा बोलण्यात आला नाही, नाहीतर त्या दिवशी तुम्ही त्यांच्यापाशी होतात हे त्यांना आठवलं असतं. त्याचं पुढे काय करायचं ते बघते, पण आधी हे मिटवू.

लॅबमध्ये एखादा रिपोर्ट विचित्र आला की आम्ही रागावत नाही, नमुना परत तपासतो. तसंच करते. फिनेल ओतलेल्या पाण्यात सहा मासे जगत नाहीत. एकही जगत नाही. म्हणजे फिनेल पडलंच नाही. माझ्याकडे बारा मासे नाहीत, आणि माझ्या घरचं कुणी तिकडे आलं नाही. दादांनी त्या आठवड्यात आईचा पलंग सोडला नव्हता. मग बारा मासे गेले कुठे?

ह्या माशांचं नाक लाल असतं ते पाणी चांगलं असेपर्यंत. पाण्यात काही वाईट आलं की आधी नाक फिकं पडतं, मग मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. तुम्ही लिहिलंत, शुक्रवारी नाकं पांढरी होती. मला तीन गोष्टी बघून सांगा. एक, मे महिन्यात गावात काविळीची साथ होती, त्या आठवड्यात नळाच्या पाण्याला जंतू मारायच्या टीसीएल पावडरचा वास येत होता का? दोन, पडवीतल्या वरच्या फळीवर एक निळ्या झाकणाची छोटी बाटली आहे. नळाचं पाणी टाकीत घालण्याआधी ते औषध घालावं लागतं, त्यानं पावडरीचा जोर जातो. तिचं सील तुटलंय का? मी गेले तेव्हा ती नवी होती. तीन, तुम्ही टाकीत पाणी कुठलं घालता?

तुम्ही त्याला विचारायच्या आधी हे बघा. विचारलंत की तो बाटली फोडून ठेवेल. तुमचा मुलगा आहे, तुम्हाला राग येईल. येऊ दे.

थेरडी मी म्हणाले नाही. मनात पुष्कळ म्हणाले, त्याला मात्र कधी सांगितलं नाही.

सोनिया

*

शिरवळ
२८ फेब्रुवारी २०२५

सोनिया, स. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस म्हणून आईसारखंच मलाही पत्र लिहावं लागतंय. आईला तू काय काय लिहिलंस मला माहीत नाही. मंगळवारी मी कामावरून आलो तर ती पडवीत ती निळ्या झाकणाची बाटली घेऊन बसली होती. म्हणाली, हिचं सील कुणी तोडलं नाही, आता बोल. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. भाकरी करते आणि उंबऱ्यावर झाकून ठेवते, कुत्र्याला ठेवतात तशी. म्हणून मी कंपनीतल्या पोरांच्या खोलीवर आलोय.

घे, ऐक. त्या बुधवारी आई भोरला होती, तू माहेरी. कंपनीतले चारजण आले. आम्ही बसलो पडवीत. कुणीतरी गंमत म्हणून माशांना फरसाण घातलं, एकानं ग्लासातलं थोडं ओतलं. मी नको नको म्हणत होतो. पाणी गढूळ झालं, वास यायला लागला. मला वाटलं तू आल्यावर माझी खैर नाही. मी नळी लावली, सगळं पाणी काढलं आणि नळाचं ताजं भरलं. चांगलंच करायला गेलो होतो. औषधाचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. सकाळी बारा वर तरंगत होते. ते मी ओढ्यात टाकले. सहा कसे राहिले देव जाणे.

तू फोनवर 'मासे कसे आहेत' हे पहिलं विचारलंस. मी कसा आहे हे नाही, जेवलास का हे नाही. माझ्या तोंडून आईचं नाव निघून गेलं. मग आई आली, तिला तुझं सांगितलं. एक बोललो म्हणून दुसरं बोलावं लागलं. पण एक विचार कर. तू लगेच मानलंस. तीही लगेच मानली. दोघींपैकी एकीनंही दुसरीला विचारलं नाही. मी म्हणालो असतो की मांजरानं खाल्ले, तर तुम्ही शंभर प्रश्न विचारले असते. म्हणजे माझं खोटं तुम्हाला हवंच होतं. सगळं माझ्या एकट्याच्या माथी मारू नका.

झालं ते झालं. बारा माशांसाठी कुणाचं आयुष्य थांबत नाही. वाईच्या लोकांना शब्द दिलाय, १६ मार्चला येणार आहेत. कागदांवर सही कर आणि हे गावात बोलू नकोस. बोललीस तर मीही तुझ्याबद्दल बोलू शकतो.

मानसिंग

*

कामथडी
६ मार्च २०२५

श्रीमती सखूबाई यांना सा. न. वि. वि.

मानसिंगचं पत्र सोबत धाडते. मूळच धाडते, नक्कल नाही. मला ते घरात नको.

त्यातली एक ओळ मला लागली, आणि ती लिहिणारा तो आहे म्हणून जास्त लागली. मी लगेच मानलं, हे खरं आहे. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, पण त्याच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. तुम्ही वाईट आहात असं मला तीन वर्षं वाटत होतं आणि दाखवायला काही नव्हतं. आता मिळालं. लोकांना सांगताना मी एक बारीकसारीक गोष्ट गाळत नव्हते. भामाबाईंना सांगताना तर फिनेलचा वाससुद्धा सांगितला, जो मी कधी घेतलाच नव्हता. ते माझं चुकलं. सोमवारी भोरला त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या सुनेसमोर, मी खरं काय ते सांगून आले. सुनेनं मान खाली घातली. भामाबाई म्हणाल्या, आता सखूला तोंड कसं दाखवू. मी म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा.

पण म्हणून सगळं धुऊन निघालं असं समजू नका. फिनेल तुम्ही ओतलं नाही, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दहा बायकांत तुम्ही म्हणालात, की आमच्या घरात पाळणा नाही आणि काचेचं तळं आहे. ते मानसिंगनं मला सांगितलेलं नाही. मी वाण घेऊन तुमच्या मागे उभी होते. बायका हसल्या. मी त्या दिवशी टाकीसमोर जाऊन बसले, कारण त्या घरात मला बघून तोंड न फिरवणारं दुसरं कुणी नव्हतं. हे खोटं असेल तर लिहा.

सही मी करणार आहे. तुमच्यासाठी नाही, वाईच्या लोकांसाठीही नाही. जो माणूस स्वतःच्या आईवर असं ढकलतो, तो उद्या माझ्यावर काय ढकलेल सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात टेम्पो घेऊन टाकी न्यायला येईन. तोवर सहाजणांना जपा. सहा फार कमी आहेत. हे मासे दहा-बाराच्या खाली असले की सतत घाबरतात, म्हणून ते कोपऱ्यात बसतात. भेदरट नाहीत ते. त्यांची माणसं कमी झालीत.

सोनिया

*

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

पाली
१८ मार्च २०२५

सोनियास,

तुजं पत्र मिळालं. त्येचं बी वाचलं. तीनदा वाचलं, मग कनगीच्या मागं ठिवलं.

पाळन्याचं बोलले. व्हय. म्याच बोलले, खोटं न्हाई. त्या दिशी बायकांनी मला आदी टोचलं, का सखूबाई, नातवाचं कवा? मला काय बी सुचंना, म्हून तुज्यावर ढकललं. समद्या हसल्या तवा मलाबी हसू आलं. घरी आल्यावर तू टाकीम्होरं बसली व्हतीस, तवा कळलं का तू आईकलंस. मला तवाच बोलायचं व्हतं. म्या भाकऱ्या थापाय घितल्या. आता पत्रात लिवलं. ह्याच्या परास ज्यादा मला येत न्हाई.

आता रईवारचं सांगते. वाईची मानसं आली, पोरीचा बाप, चुलता आन् मामा. पोरगी न्हवती. मानसिंग शिरवळास्नं आला, नवा सदरा घालून, जसं काय झालंच न्हाई. चहा ठिवला. बापानं विचारलं, पैल्या सुनेचं काय झालं व्हतं? मानसिंग म्हनला, तिचा सोभाव जमंना. तवा माज्या मनात काय आलं कुनास ठाऊक. म्या पदर खोचला आन् समद्यांम्होरं सांगितलं, का ह्या पोरानं दारूच्या नादात बारा मासं मारलं, बायकोला सांगितलं आईनं मारलं, आईला सांगितलं बायकोनं नेलं, आन् दोगी नऊ महिने येकमेकीचं तोंड बगत न्हवतो. तुमची लेक हितं द्यायची आसंल तर द्या, पन तिला सांगून द्या का हितं कायबी झालं तर आदी सासूला विचारायचं.

चहा तसाच ऱ्हायला. बाप उठला, मला नमस्कार केला आन् गेला. मानसिंग मला वैरीन म्हनला. म्हनला, तू आई न्हाईस. म्या म्हनलं, मग फिनेलवाली म्हन, तेबी तूच म्हनलास. त्येनं कपडं पिशवीत भरलं आन् शिरवळला गेला. हाक मारायसाठी दारापतुर गेले. मग मारली न्हाई.

आता तुज्या टेम्पोचं. टेम्पो आनू नगंस. टाकी मी देनार न्हाई. फेब्रुवारीत ने म्हनत व्हते, तवा नेली न्हाईस. आता मी म्हनते न्हाई. तू त्यास्नी येक वरीस सांबाळलंस, म्या बी धा महिने सांबाळलं, आन् ते बी काय कळत नसताना. नळाचं पानी मी कदी घातलंच न्हाई, इचारलं व्हतंस ना? त्या नळाला टीसीएलचा वास येतो, मला चहात बी चालत न्हाई. रोज कळशीभर इहिरीचं पानी बदलते. नाकं लाल हायेत. येऊन बग पायजे तर. हात लावायचा न्हाई.

भामाबाई आली व्हती, नातवाला घिऊन. रडली. मी तिच्यासंगं अजून धड बोलले न्हाई. पोराला दूधभात भरवला.

सखूबाई

*

कामथडी
२५ मार्च २०२५

श्रीमती सखूबाई यांना सा. न. वि. वि.

टाकी माझी आहे. पावती माझ्या नावाची आहे. तुम्ही सांभाळलंत ते मान्य, पण सांभाळलं म्हणून मालकी होत नाही. तुमच्या वरच्या वावरात शेजाऱ्याची म्हैस दोन वर्षं चरली, म्हणून तुम्ही वावर त्याच्या नावावर केलंत का?

तरी टेम्पो ठरवलेला नाही. कारण तुम्ही नाही, रस्ता आहे. पाली ते कामथडी ह्या उन्हात त्यांना हलवलं तर सहाचे तीन होतील. विहिरीच्या पाण्याचंही खरं आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, जड आहे, त्यांना ते सोसणार नाही. मी आमच्या लॅबमध्ये दोन्ही पाणी तपासली असती, पण तुम्ही बाटली भरून द्याल असं वाटत नाही.

म्हणून असं ठरवलंय. मासे तिथेच राहतील आणि मी त्यांच्यात बारा आणून सोडीन. सहांना एकटं ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि तो मी तुमच्या हट्टासाठी होऊ देणार नाही. पुण्याच्या दुकानात सांगून ठेवलंय. तो नवा माल आधी पंधरा दिवस वेगळा ठेवतो, आजारी निघाले तर कळतं. रविवारी, ६ एप्रिलला, सकाळच्या गाडीनं येईन. पिशवी आल्या आल्या ओतायची नाही, अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं तुमचं पाणी पिशवीत घालायचं. हे मी करीन. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

मी पडवीच्या आत येणार नाही. जेवणार नाही. चहाही नको. सूर्यास्ताच्या आत परत निघेन.

सही केलेले कागद वकिलाकडे दिलेत. आता महिन्याभरात तारीख लागेल. तुम्हाला कुणाकडून तरी कळेलच, त्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. तुमच्या घरी भांडण लावायचं नव्हतं, पण तुम्ही वाईच्या लोकांना जे सांगितलंत, ते वाचल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. आईला वाटलं, काय झालं हिला. काही झालं नव्हतं.

सोनिया

*

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

पाली
८ एप्रिल २०२५

चि. सोनियास अ. उ. आ.

चि. लिवलं म्हून फुगू नगंस. नुसतं नाव लिवलं तर अक्षर एका बाजूला कलतं.

तू गेल्यापासनं दोन दिस नवं बारा कोपऱ्यात आन् जुनं सहा मदी, असं चाललं व्हतं. कोन कुनाच्या जवळ जाईना. म्या म्हनलं, घ्या, हिबी आमच्यावानीच. आज सकाळी खानं टाकाय गेले, तर समदं येकाच बाजूला तोंड करून उभं. मोजाय गेले तर मोजता येईना, सारखं हलत्यात. लांड्या म्होरं व्हता. त्यो वळला तसं मागलं समदं वळलं, आन् मी हातातली डबी तशीच धरून ऱ्हायले. तू पैल्या दिशी पिशवी घिऊन आलीस तवा म्या खायचं का म्हून विचारलं व्हतं. ते चुकलं माजं. तू तवा मला हे दावलं असतंस तर बरं झालं असतं. पन तू बी फुगून बसलीस.

तू चहा घितला न्हाईस. अर्दा तास पिशवी तरंगत व्हती तवा उनात उभी ऱ्हायलीस, पडवीत सावली असून. मीबी बस म्हनले न्हाई. कोमलनं दोगींस्नी दोन खुडच्या आनून दिल्या, तवा बसलो. जाताना तू काचंवर बोट ठिवून काय तरी पुटपुटलीस, ते मला आईकू आलं न्हाई. विचारनार बी न्हाई.

मानसिंगचा फोन आला व्हता. वकिलाकडनं कागद मिळालं म्हनला. मी त्येला सांगितलं, मला बी येक नक्कल दाव. कोमलच्या मोबाईलवर त्येनं फोटू धाडला. कोमल वाचून दाखवाय लागली, म्या म्हनलं दे हिकडं, मला वाचता येतं. सावकाश, बोट ठिवून, पैल्या पानापासनं शेवटच्या सहीपतुर समदं वाचलं. नवऱ्याचं नाव हाय, बायकूचं हाय, लगीन कवा झालं ते हाय, कोन कुनाकडं काय मागनार न्हाई ते बी हाय. सासूचं नाव कुठंच न्हाई. दोनदा बगितलं. म्हंजी तुजी सुटका त्येच्यापासनं झाली. माज्यापासनं न्हाई.

इहिरीचं पानी बाटलीत भरून कोमलपाशी दिलंय. तपास. काय वाईट निगालं तर तुज्या त्या ताठ अक्षरात लिव, मला राग येनार न्हाई. आला तरी उत्तर धाडीन.

सखूबाई